कोठारकाकांची पिशवी

आमच्या काकांना सगळी गल्ली कोठारकाका म्हणायची. नाव ऐकून कोणी ढेरपोट्या माणूस डोळ्यांसमोर आणला असेल, तर त्याने तो लगेच पुसून टाकावा. काका काडीपैलवान होते. खुंटीवर टांगलेला शर्ट आणि काकांनी घातलेला शर्ट यांत फारसा फरक दिसत नसे. सरकारी धान्य गोदामाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत, म्हणून ते कोठारकाका. आमच्या देशात पिकतो त्यापेक्षा जास्त गहू आम्ही खातो. कमी पडतो तो बोटीने येतो. बोट उशिरा आली तर लोकांच्या चुली विझू नयेत म्हणून सरकार गोदामात थप्प्या लावून ठेवतं. "देशाचं पोट माझ्या कमरेला लटकलंय," असं काका किल्ल्या खुळखुळवत सांगायचे. "देशाचं राहू द्या, घरातलं तेल संपलंय ते बघा," असं काकू आतून सांगायची.

गल्लीला किल्ल्यांशी देणंघेणं नव्हतं. तिचं लक्ष काकांच्या पिशवीवर. दर आठवड्याला काका वाण्याकडून पिठाची कापडी पिशवी भरून आणत आणि अर्धी गल्ली खिडकीतून ती डोळ्यांनी तोलत असे. नेहमीएवढीच आहे म्हटल्यावर बायका निर्धास्त मनाने कामाला लागत. काकांना याचा पत्ताच नव्हता. लोक आपल्याला मान देतात म्हणून बघतात, अशी त्यांची गोड समजूत होती.

काकांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, पलीकडच्या कोपऱ्यावर खानावळ चालवायची. मी तिथे वाढायला असायचे. गिऱ्हाईक सगळं कारखान्यातलं. ताटाचा दर दारावर रंगवलेला होता आणि तो वाढवायचा विषय काढला तरी आत्या लाटणं उगारायची. दर वाढला तर निम्मी माणसं उपाशीपोटी यंत्रावर उभी राहतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकदा तिच्या हमालाचा पाय मुरगळला. "दादा, येताना वाण्याकडून माझी पिठाची दोन पोती आणशील का रे?" तिने विचारलं. दादा कशाला नाही म्हणतोय! हातगाडीवर दोन पोती लादून, "बाजूला व्हा, बाजूला व्हा" असं ओरडत, भर दुपारी स्वारी गल्लीतून मिरवत आली. माल खानावळीच्या मागच्या दाराने उतरला, तो कोणी पाहिला नाही. पोती मात्र सगळ्यांनी पाहिली.

संध्याकाळी वाण्याच्या दुकानापुढे ही रांग! कोठारकाकांनी पोती भरली, त्या अर्थी बोटी बुडाल्या असणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. ज्यांच्या घरी दोनच माणसं, त्यांनीही पोती नेली. वाण्याने आधी दर चढवला, मग थोडा माल आतल्या खोलीत सरकवला, आणि मग हात वर केले. काका बिचारे ओट्यावर उभे राहून घसा खरवडून सांगत होते, "अहो, गोदाम भरलेलं आहे! तुटवडा नाही!" झालं! सरकारी माणूस तुटवडा नाही म्हणतो, म्हणजे तुटवडा नक्की. जे काही शहाणे घरात बसले होते, तेही पळत सुटले.

इकडे आत्याचं पहिलं पोतं संपलं. दुसरंही संपल्यावर नवं घ्यायचं तर दारावरचा दर पुसावा लागणार होता, नाहीतर दारच लावावं लागणार होतं. ती काकांवर कडाडली, "दादा, उपकार केलेस ना माझ्यावर? मग आता ते परत घेऊन जा!"

काकांनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तीच हातगाडी, त्यावर आत्याचं उरलेलं पोतं, आणि तोच आरडाओरडा. वाण्याच्या दारात त्यांनी पोतं दणकन उतरवलं. "हे परत घे बाबा. नको मला."

"का हो काका?"

"नको म्हणजे नको!"

यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण गल्लीने जे ओळखायचं ते ओळखलं. नव्या बोटी लागल्या, भाव गडगडणार! संध्याकाळी पुन्हा रांग लागली, या खेपेला पोती परत करणाऱ्यांची. वाणी हात जोडून दुकानाबाहेर उभा होता. आठवड्यात दर जागेवर आला आणि आत्याचं पोतं मागच्या दाराने तिच्या घरी परतलं. लोक आपल्याकडे का बघतात, ते काकांना तेव्हा कळलं. ते जरा हिरमुसलेच.

खरी टंचाई आली ती त्यानंतर दोन वर्षांनी. गहू जिथून यायचा तिथलं पीक करपलं. त्यात आमच्या चलनाची किंमत घसरली. परदेशी व्यापारी म्हणू लागले, आधी पैसे, मग बोट. गोदामातल्या थप्प्या रोज खाली उतरत होत्या. जपून सोडलं तर पुढच्या बोटीपर्यंत पुरेल एवढं धान्य होतं, पण एकदा झुंबड उडाली की सगळा खडखडाट. हे काकांना माहीत होतं, आणि त्यांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

"आता तरी एक पोतं जास्त आणा," काकू म्हणाली. "गोदामाच्या माणसाच्या घरीच पीठ नाही, हे कोणाला सांगू?"

"कोणालाच सांगू नकोस. मी एक पोतं आणलं तर गल्ली शंभर आणेल."

दर आठवड्याला तीच कापडी पिशवी हलवत, बेसूर शीळ घालत काका घरी येत. शीळ इतकी भयंकर की खिडकीतल्या बायका हसून आत जात. आत्याच्या खानावळीच्या दारावर ताटाचा दर तसाच होता. दोन रोट्या आणि आमटी, आमटी जरा पातळ एवढंच. काका दिवसेंदिवस बारीक होताहेत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आधीच काय कमी बारीक होते!

एके दिवशी उन्हातून येताना ते पाणी प्यायला खानावळीत टेकले. सगळी बाकं भरलेली होती. पिशवी त्यांनी बाकाच्या कडेला ठेवली. वाट मोकळी करायला आत्याने ती उचलली आणि थबकली. तिने आत डोकावलं. मी शेजारीच होते, मलाही दिसलं. वर मूठभर पीठ बांधलेली पुडी, आणि खाली गोळा करून कोंबलेला काकांचा जुना शर्ट. सगळ्याच वस्तू महागल्या होत्या आणि पगार होता तिथेच होता. पिशवी नेहमीपेक्षा फुगलेली दिसली तरी गल्ली घाबरणार, रिकामी दिसली तरी घाबरणार. म्हणून ती शर्टाने भरलेली. या माणसाला मी जन्मभर चिडवत आले होते.

आत्याने पिशवीचं तोंड घट्ट आवळून ती होती तशी ठेवली. "दादा, जेवून जा."

"भूक नाही गं."

"भूक कोणी विचारली? ताट वाढलंय."

काकांनी आजूबाजूला पाहिलं. सगळी खानावळ त्यांच्याकडे बघत होती. गोदामाचा माणूस बहिणीकडे चापून जेवला, ही बातमी संध्याकाळपर्यंत वाण्याकडे पोचली असती. "बरं, सगळ्यांना वाढतेस तेवढंच वाढ," ते म्हणाले.

त्या दिवशी आत्याने मला हात लावू दिला नाही, स्वतः वाढलं. ताटात सगळ्यांसारख्याच दोन रोट्या होत्या. मी जवळ होते म्हणून मला दिसलं, प्रत्येक रोटीच्या खाली तिला चिकटवून आणखी एक ठेवली होती.

काकांनी पहिला घास मोडला, त्यांची बोटं क्षणभर थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. "मीठ कमी आहे," ते म्हणाले आणि खाली मान घालून सावकाश सगळं संपवलं.