सरकणारा फोन आणि केतकीचं बारसं

मिरज स्टेशनात निजामुद्दीनची गाडी लागली, तेव्हा आई खिडकीतून चटणीची पुरचुंडी आत सारत होती, अप्पा बाकाखालच्या बॅगेची साखळी ओढून ओढून बघत होते आणि माझा धाकटा भाऊ महेश मला फोन शिकवत होता. हे सगळं एकाच वेळी. रडायला म्हणून कुणी सवडच दिली नाही मला.

तो फोन महेशचा जीव की प्राण. तो तेव्हा साऊंड सिस्टिमच्या दुकानात कामाला होता. गणपतीत मांडवामांडवांतून स्पीकर लावत हिंडायचा. त्याला कुणी नुसतं ‘गाणी ऐकायला आवडतात का’ विचारलं तर राग यायचा, इतकं वेड. हा फोनही त्यानं बोलण्यासाठी घेतलेलाच नव्हता. खास गाण्यांसाठी कंपनीनं काढलेला होता तो. समोर आकड्यांची बटणंच नाहीत, नुसता पडदा आणि त्याखाली गाणं चालू-बंद करायचं गोल बटण. त्याच्या कडेनं लाल दिवा, तो तालावर लुकलुकायचा. वरचा भाग अंगठ्यानं वर सरकवला की ‘खट्’ करून खालून आकडे बाहेर यायचे. महेश दिवसभर कारण नसताना ते खट्-खट् करत बसायचा आणि अप्पा वैतागून म्हणायचे, “मोडल्याशिवाय चैन पडायची नाही तुला.”

आणि हा फोन त्यानं गाडी सुटायच्या वेळेला माझ्या हातात कोंबला.

“अक्का, नीट बघ. वर सरकवला की उचलला. खाली सरकवला की कट. रेडिओ लावायचा तर इअरफोन पाहिजेच, त्याची वायर हीच एरियल. आणि गाणं लागलेलं असताना फोन आला तर गाणं आपलं आपण थांबतंय. बोलणं झालं की थांबलं तिथनंच परत सुरू होतंय. तू काय करायचं न्हाई.”

मी म्हटलं, “अरे, मग तू काय ऐकणार?”

“मला दुकानात ढीगभर गाणी हायत. आणि बेस लई वाढवू नको, स्पीकर फाटतोय.”

गाडी हलली. अप्पा एवढंच म्हणाले, “पोचलीस की कळव.” आई पदराला हात पुसत उभी राहिली. चटणीचं तेल लागलं होतं, दुसरं काही नाही, असं मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं.

दिल्लीत माझी नोकरी केंद्र सरकारची, ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावर. राहायला मात्र फरीदाबाद. एका पंजाबी घरात वरची खोली मिळाली. घरमालकीण बीजी. दार ढकलून आत येणं हा त्यांचा हक्क होता आणि येताना हातात काहीतरी खायला असणं हा नियम. मला सुरुवातीला फार राग यायचा. नंतर बीजी आल्या नाहीत की चुकल्यासारखं व्हायचं.

सकाळच्या शटल गाडीत मी कानात इअरफोन घालून उभी राहायची. ऑफिसात दिवसभर हिंदी. ‘बिल्कुल सर’, ‘अभी पुटअप करती हूँ सर’. पहिल्या थंडीत माझ्या तोंडून मराठी वाक्य निघायचं ते फक्त कुलकर्णीकाकूंपाशी. त्या आमच्या सेक्शनमधल्या कुलकर्णींच्या बायको, राहायला दोन गल्ल्या सोडून. दिल्लीत जन्म गेलेला, पण कुठल्या सणाला काय करायचं ते आम्हा नव्यांना त्याच सांगायच्या, आणि सांगायच्या म्हणजे दम द्यायच्या.

त्या काकूंनीच एकदा भाजी निवडताना मला सहज सांगितलं, “हे बघ नंदा, घर सोडलं की पहिली काही वर्षं ते लोक आपल्याला विचारतात. मग नुसतं कळवतात. मग तेही राहून जातं. त्यांचा दोष नसतो गं, कामं थांबत नाहीत कुणासाठी.”

त्यांनी हे मेथीच्या जुडीकडे बघत सांगितलं. मला मात्र ते काट्यासारखं लागलं. त्यानंतर घरून फोन आला की मी कान टवकारून ऐकू लागले, आज विचारतायत की कळवतायत? घराला रंग लावला, ते कळवलं. माझी कॉट माळ्यावर टाकली, तेही कळवलंच. महेशचं लग्न ठरवताना विचारलं होतं. म्हणजे अजून बरं चाललंय, अशी माझी मीच समजूत घालायची.

अशा वेळी मी फोनमधली ती एक फाईल लावायची. महेशनं कार्डात सिनेमातली गाणी भरून दिली होतीच, पण तळाला एक रेकॉर्डिंग होतं. आई तांदूळ निवडत पाळणा म्हणतेय. आपला आवाज रेकॉर्ड होतोय हे तिला ठाऊकच नाही. आमच्या घरात तेव्हा पाळण्यात घालायला कुणी नव्हतं, पण तांदूळ निवडताना तिला पाळणाच सुचायचा. मधेच ती थांबते आणि ओरडते, “नंदे, दूध बघ! उतू जाईल!” आणि मग थांबली होती तिथूनच पुढची ओळ. फरीदाबादच्या त्या खोलीत हे ऐकताना दर वेळी माझी नजर गॅसकडे जायची. दर वेळी. वेडेपणा, दुसरं काय.

मग महेशला मुलगी झाली. आईचा फोन आला, “रविवारी बारसं. नाव तू ठेवायचंस. आत्या आहेस.”

विचारलं! मी खुर्चीतच ताठ बसले. पण संसदेचं अधिवेशन चालू होतं. अधिवेशनात आमच्याकडे रजेचं नाव काढायची सोय नसते, कधी कुठल्या प्रश्नाचं उत्तर मागतील याचा नेम नाही. रविवार मोकळा होता, पण एका रविवारात मिरज गाठून परत येता येत नाही. मी रडवेली होऊन सांगितलं, तर आई म्हणाली, “मग फोनवरून सांग की कानात. फोनला काय झालंय?”

नाव मी कुणालाही सांगितलं नाही. बारशाच्या आधी नाव फुटू द्यायचं नसतं, हा आमच्या घरचा कडक शिरस्ता. वैशालीनं, म्हणजे माझ्या भावजयीनं, लाडीगोडी लावून विचारलं, तरी नाही.

रविवारी काकू सकाळीच आल्या, त्यांच्या मंडळातल्या बायका घेऊन. मी म्हटलं, “काकू, बारसं तिकडे आहे.” तर म्हणाल्या, “आत्या इथे आहे, म्हणजे आत्याची पाठही इथेच आहे. ती तिकडून कोण बडवणार?”

ज्यांनी बारसं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आत्या बाळाच्या कानाशी वाकून ‘कुर्र’ करते, नाव सांगते, आणि त्याच क्षणी मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हळूच घालायचे असतात. पण आवाज ऐकून बीजीही वर आल्या होत्या आणि त्यांना काकूंनी हिंदीत अर्धवटच समजावलं.

“अच्छा, पीठ पे मारना है?” बीजींनी बाह्या सावरल्या. “चलो जी.”

खोलीत बारशासारखं वाटावं म्हणून मी फोनच्या स्पीकरवर आईचा पाळणा लावून ठेवला होता. लाल दिवा लुकलुकत होता. तेवढ्यात पाळणा थांबला आणि फोन वाजला. मिरज. मी अंगठ्यानं वर सरकवला. महेशचा आवाज, “अक्का, पोरीच्या कानाला लावतोय बघ.” मग पलीकडे बायकांची कुजबूज, बांगड्या, आणि अगदी जवळ एक बारीक श्वास. तो श्वास मी आजही विसरलेले नाही. माझं माणूस होतं ते, आणि मी त्याला पाहिलंही नव्हतं.

मी वाकले, जणू पाळणा समोरच होता. कुर्र केलं. नाव सांगितलं.

आणि बीजींचा धपाटा बसला. काय सांगू, पंजाबी हात. मी पुढे कोलमडले, मूठ आवळली गेली आणि फोन खट्‌कन मिटला.

खाली सरकवला की कट.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. आणि मग त्या फोननं महेशनं सांगितलं होतं तेच केलं. बोलणं झालं, असं समजून गाणं सुरू केलं. भर खोलीत आई कडाडली, “नंदे, दूध बघ! उतू जाईल!” बीजींना त्यातलं दूध तेवढं कळलं आणि त्या “हाय रब्बा” करत खाली आपल्या स्वयंपाकघराकडे धावल्या. बायका हसून हसून लोटपोट.

मी नाही हसले. मी परत फोन लावला, लागेना. ते मला लावत असणार, मी त्यांना. दोन्हीकडून नुसता एंगेज. आणि माझ्या डोळ्यांपुढे मिरजेची ओसरी आली. बायका खोळंबल्यात, बाळ रडतंय, वैशालीच्या माहेरच्यांना परतीची गाडी गाठायचीय. नाव बाळाशिवाय कुणी ऐकलेलं नाही. कुणीतरी म्हणणार, अहो, ठेवा काहीतरी, नंतर तिला कळवू. कळवू! मला तिथेच हुंदका फुटला. बीजी पाठीवरून हात फिरवत होत्या, त्याच पाठीवरून, आणि “सॉरी पुत्तर” म्हणत होत्या.

बऱ्याच वेळानं फोन लागला. महेश ओरडतच होता, “अगं काय झालं? पोरीला नाव कळलंय, आमाला न्हाई! सगळी तशीच बसल्यात. आई कुणाला हलू देईना.”

मग मी जोरात सांगितलं, खोलीतल्या बायकांनाही ऐकू जाईल असं. “केतकी!” पलीकडे एकदम गलका झाला.

नंतर महेशनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. वैशालीची मावशी खरंच म्हणाली होती की दुसरं काहीतरी नाव ठेवू. बायकांच्या ओंजळीत घुगऱ्या आल्या होत्या, पण तोंडात कुणी टाकायच्या नाहीत, असं आईनं बजावलं होतं. आईला मी फोनवर विचारलं तर ती म्हणाली, “त्यात काय एवढं? तू सांगत होतीस, आम्ही थांबलो.” आणि लगेच माझ्या गॅस सिलिंडरचा नंबर लागला का, ते विचारायला लागली.

पुढे दिल्ली अंगवळणी पडली. शटल गेली, मेट्रो आली. बीजी मुलाकडे लुधियान्याला गेल्या. मी फरीदाबादेतच फ्लॅट घेतला. सरकणारा फोन आधी चार्ज व्हायचा बंद झाला, मग त्याची बॅटरी फुगली. आतल्या कार्डातलं आईचं रेकॉर्डिंग मात्र मी फोनमागून फोन बदलताना जपून पुढे आणलं. आई गेली तेव्हा विमान पकडूनही मला उशीरच झाला. त्याबद्दल मला फार लिहिता येत नाही.

या उन्हाळ्यात केतकीला दिल्लीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. निजामुद्दीनला उतरवून घ्यायला गेले, तर हिच्या कानात बिनवायरची बोंडं. बापाचा फोन आला, गाणं थांबलं, “पोचले” म्हणाली, गाणं पुन्हा सुरू झालं. तिचं लक्षही नव्हतं तिकडे. आता सगळेच फोन ते करतात. महेशनं गाडी सुटताना तिला काय सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “काय न्हाई, आवाज कमी ठेव म्हणाले.”

गेल्या आठवड्यात कुलकर्णीकाकूंच्या नातीचं बारसं होतं. मी केतकीला घेऊन गेले. काकूंची लेक, म्हणजे बाळाची आत्या, तिथे हजरच होती. ती वाकली, कुर्र केलं, धपाटे बसले, आणि ती नाव जाहीर करणार एवढ्यात केतकीनं हात वर केला.

“ओ, थांबा की! एवढ्यात न्हाई सांगायचं!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. मीसुद्धा. केतकी लाल झाली. “आमच्यात थांबतात,” ती पुटपुटली. “सगळीकडं न्हाई थांबत?”

“कशासाठी गं थांबतात?” काकूंनी विचारलं.

“नाव कानात सांगितलं की मग सगळ्यांनी गप्प बसायचं. घुगऱ्या हातातच धरायच्या, खायच्या न्हाईत. थोडा वेळ गेला की मग आत्यानं मोठ्यानं सांगायचं. आमच्या गल्लीत सगळे करतात. आजीनंच शिकवलंय सगळ्यांना.” मग तिनं माझ्याकडे बघितलं. “आजी म्हणायची, लांबच्या माणसाचं पोचायला वेळ लागतो.”

काकूंना सगळं आठवलं असणार. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच सगळ्यांना दटावलं, “ऐकलं ना? बसा गप्प.” आणि फरीदाबादच्या त्या हॉलमध्ये सगळ्या बायका घुगऱ्या हातात धरून गप्प बसल्या. केतकी समाधानानं मांडी घालून बसली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हे तिच्या बारशापासून सुरू झालं.

मीही सांगितलं नाही.

आई नाही, अप्पा थकलेत, माझी कॉट केव्हाच भंगारात गेली. मिरजेला गेले की मी पाहुण्यासारखी पलंगाच्या कडेला बसते, हे खरं आहे. पण तिथे कुणाचंही बाळ पाळण्यात घातलं की गल्लीतल्या बायका हातातला घास तसाच ठेवून घडीभर थांबतात. कशासाठी ते आता त्यांनाही माहीत नसेल. मला माहीत आहे. त्या माझ्या फोनची वाट बघत असतात.