हाळी न देता

मोणप्पा, ओसरीवरच्या येरझाऱ्या आता पुरे. तुझी बायको वैतागली आहे, मीही. तुझ्याबद्दल लोकांना काय सांगते आहे ते बसून ऐक. चुकलं तर मध्ये तोंड घालू नकोस, मागाहून बोल.

आमच्या कोडगूत अय्यप्पा हा शिकारी देव. त्याच्या देवराईत शिरण्याआधी मोणप्पाच्या घराण्यातला माणूस बाहेरूनच खणखणीत हाळी देतो. न सांगता आत शिरलं ते जनावर, आणि देवाचा बाण विचारपूस करत नाही. मोणप्पाने रीत बापाकडून घेतली, गळाही बापाचाच.

कॉलेजने पक्ष्यांच्या पाहणीचं काम दिलं तेव्हाही तो तसाच शिरायचा. आधी हाळी, मग फेरी, मग घरी येऊन चिडचिड. "कर्णा या खेपेलाही नाही दिसला." लाल पोटाचा, फांदीवर गप्प बसणारा हा पक्षी त्याने लहानपणी तिथेच पाहिलेला. तो संपला, असं त्यानेच गावभर सांगितलं. देवस्थान समितीने तेवढंच उचललं. पक्षीच नाहीत तर खालच्या अंगाची झाडं कशाला हवीत? उत्सवात गाड्या लावायला जागा होईल.

मग म्हैसूरहून पक्ष्यांचा अभ्यास करणारी शांभवी आली. पाहणी नीट व्हावी म्हणून तिने झाडांना आवाज टिपणारे रेकॉर्डर बांधले. काही दिवसांनी तिने मोणप्पाला ऐकवलं. पहाटे कर्णा सावकाश, लागोपाठ बोलत होता. मग मोणप्पाची हाळी. त्यानंतर बराच वेळ नुसती पानं पडत होती.

"मामा, तुम्ही पक्ष्यांना वर्दी देऊन जाता."

"मी देवाला सांगतो."

"ऐकतात तेही."

समितीचे चिण्णप्पा ऐकून हसले. "माझ्या फोनमध्ये सिंहही डरकाळी फोडतो. तू डोळ्यांनी बघून ये. रविवारी बैठक आहे."

मोणप्पाचं अन्न सुटलं. तांदळाचे वाफवलेले कडंबुट्टू ताटात गार झाले. बायको म्हणाली, "जायचं तर जा, नाहीतर जेवा. मला असं टांगून ठेवू नका." तो उठला आणि थेट माझ्याकडे आला.

"अक्का, कुंभाराकडून मातीचा कुत्रा आणून दे. तो मी देवाला वाहतो, परवानगी मागतो, मग हाळी न देता आत जातो."

"तुझे पाय मोडलेत?"

"ज्याने मागायचं त्याने आणायचा नसतो. दुसऱ्याने आणायचा."

मी गेले. कुंभाराचा हात मोडून गळ्यात बांधलेला, भट्टी थंड. रिकाम्या हाताने परतले.

बैठक काही थांबणार नव्हती. शनिवारी उजाडताना मोणप्पा देवराईपाशी उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं आणि आत गेला. पाठीत आता बाण बसेल अशा धास्तीने खांदे आवळून चालत होता. ओढ्याच्या वर कर्णा बसला होता, त्याच्याकडे पाठ करून. मग त्याने मान वळवली, आणि मोणप्पाला लाल पोट दिसलं.

बैठकीत तो एवढंच म्हणाला, "पाहिला. हाळी न देता गेलो होतो." कुणी हसलं नाही. त्या घराण्यातला माणूस असलं खोटं बोलणार नाही, हे चिण्णप्पांनाही ठाऊक होतं. गाड्या शाळेच्या मैदानात लावायचं ठरलं.

झाडं वाचली, पण मोणप्पा त्या दिवसापासून देवराईत गेलेला नाही. हाळी दिली तर पक्षी गप्प होतात, आणि न देता जायची छाती त्याच्यात एकदाच होती. रेकॉर्डर शांभवी एकटीच सांभाळते. तो रोज सकाळी माझ्या फाटकाशी येतो.

"अक्का, आला का कुत्रा?"

"हात गळ्यातच आहे अजून त्याचा."

"दुसरा कुंभार बघ की."

"त्याच्याच हातचा चालतो, हे तूच सांगितलंस."

तो फाटकाची कडी लावतो, काढतो, पुन्हा लावतो.

"मग उद्या विचार."