भांड्याची पाठ

आमच्या मामाजींनी आयुष्यात एकही वस्तू सरळ पाहिलेली नाही. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे मामा. तिला लहानाची मोठी त्यांनीच केली, म्हणून आमच्याकडे सासऱ्याचा मान त्यांचा. इतरांना वाटीचं तोंड दिसतं, मामाजींना तिची पाठ दिसते. पाण्याचा गडवा पुढे केला की ते आधी तो डोक्यापेक्षा उंच धरून खालून न्याहाळणार आणि मग पाणी पिणार. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वरणाची वाटी अशीच वर धरली आणि शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या काकांचं नवं धोतर पिवळं झालं. काका काही बोलायच्या आत मामाजींनी तळावरचं वाचून दाखवलं, "हे त आमच्या भजनी मंडळाच्या वाट्या होय. परत करजा बरं."

ते भांड्यावरचं नाव शोधत असतात. आमच्या भागात पोरीच्या लग्नात पितळेचं भांडं द्यायचं, तर त्यावर टोच्यानं ठिपके पाडून नाव टाकायची रीत होती. पोरीचं नाव, बापाचं नाव, गाव. पुढे स्टील आलं, मग काचेची भांडी आली, आणि पितळ भंगारात निघालं. भंगारात देण्याआधी घरचे लोक एक काम गुपचूप करतात, कानशीनं नाव घासून काढतात. आपल्या आईचं आंदण आपणच विकलं हे गावाला कळू नये म्हणून. मामाजींचा साऱ्या जगावर राग असा कधी नव्हता, पण या कानशीवर होता. "गाय इकतानी तिचं नाव कोनी खोडते का?" असं ते विचारायचे, आणि घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवत, डोळे मिटून, गेलेलं नाव वाचायचा प्रयत्न करायचे. कधी जमायचं. बहुतेकदा त्यांना जमलंय असं वाटायचं.

सिंदेवाहीच्या त्यांच्या घरात अशा भांड्यांनी दोन खोल्या भरल्या होत्या. चंद्रपूरचे एक भंगारवाले चाचा त्यांचे जिवलग. नाव असलेलं भांडं आलं की चाचा ते तराजूवर चढवायच्या आधी फोन करायचे, "भाऊ, नामवाली आई है." मामाजी मिळेल त्या एस्टीनं चंद्रपूर गाठायचे, भांडं घ्यायचे आणि त्यावरच्या गावी जाऊन ज्याचं त्याला परत करायचे. सगळीकडे आरती ओवाळली जायची असं नाही. एका बाईनं पाण्याचा पितळी गुंड पाहून दारातच त्यांना थांबवलं. म्हणाली, "मीच त इकला होता भाऊ हा गुंड. आता पुन्हा इकाले लावता का?" मामाजींना तिचं म्हणणं पटलं. ते गुंड सायकलला बांधून परत घेऊन आले आणि मामींना म्हणाले, त्या बाईकडे सध्या जागा नाही, तोवर आपल्याकडे राहू दे. 'तोवर' हा त्यांचा आवडता शब्द. दोन खोल्या 'तोवर'नं भरलेल्या. मामी गेल्या, तरी 'तोवर' संपला नाही.

मी कमी बोलणारा माणूस आहे. माझ्या पोटातली गोष्ट बाहेर यायला मुहूर्त लागतो, असं बायको म्हणते. आता बोलतो. आमची मुलगी जपानमध्ये नोकरीला आहे. तिच्याकडे जाताना आम्ही मामाजींना सोबत नेलं, तेव्हा नातेवाइकांत आमचं फार कौतुक झालं. म्हाताऱ्याला विमानात बसवलं, कोण करतं आजकाल. खरी गोष्ट अशी होती की मागच्या हिवाळ्यात मामाजी न्हाणीत पडले आणि शेजारीण ताक मागायला येईतोवर तिथंच पडून होते. त्यांनी यापुढे आमच्या चंद्रपूरच्या फ्लॅटमध्ये राहायचं, हे आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं. घर त्यांनी कधीच माझ्या बायकोच्या नावावर केलेलं होतं. ते विकायचंही आम्हीच ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं. भांडी चाचांनी उचलायची होती. हे सगळं मामाजींना न सांगता ठरलं, आणि परदेशात त्यांचं मन रमलेलं पाहून ते त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

विमानात त्यांनी जेवणाचा ट्रे उलटा करून पाहिला. त्याचं वर्णन करत नाही.

मुलगी आम्हाला एका जुन्या देवळात घेऊन गेली. त्या दिवशी देवळाच्या आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. आत जाण्याआधी लाकडी पळीनं हातावर पाणी घ्यायचं असतं. मामाजींनी पळी भरून घेतली आणि सवयीनं खालून पाहिली, तेव्हा पाणी त्यांच्या स्वेटरच्या बाहीतून थेट कोपरापर्यंत गेलं. मागे उभ्या असलेल्या जपानी बाईंनी त्यांना रुमाल दिला. मामाजींनी तोही उलटून पाहिला. पुढे वाटेवर लाल रंगाच्या लाकडी कमानी होत्या, एकीमागे एक. आम्ही समोरून फोटो काढत होतो. मामाजी पलीकडे जाऊन मागे वळले आणि जागीच थांबले. कमानींच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत काळ्या अक्षरांत नावं होती. ज्यांनी कमानी दिल्या त्यांची, मुलीनं सांगितलं. मामाजी एकेका खांबापाशी मान वर करून उभे राहिले. अक्षर एकही कळत नव्हतं. "याइले समजते," एवढंच म्हणाले.

बाजारात तर त्यांना आवरणं कठीण गेलं. जमिनीवर कापडं अंथरून विक्रेते बसले होते. चिनी मातीच्या वाट्या, लोखंडी किटल्या, बाहुल्या, घड्याळं. मामाजी उकिडवे बसत, वस्तू उचलत, पालथी करत, परत ठेवत, पुढे सरकत. एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे एक लाकडी पेटी होती. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला शाईनं काही लिहिलेलं दिसलं. मामाजींनी मुलीला हाक मारली. त्यात जेवणाच्या वाट्या ठेवत असत, आणि झाकणावर ज्या घरच्या त्या वाट्या, त्या घराचं नाव आहे, असं तिनं वाचून सांगितलं.

"त्याले इचार, ते लोक कुठी हायेत?"

मुलीनं विचारलं. विक्रेता म्हणाला, घर बंद झालं. मुलं शहरात असतात. त्यांनीच त्याला बोलावून सगळं दिलं.

"मंग नाव काऊन नाई खोडलं?"

हा प्रश्न त्याला समजावायला मुलीला बराच वेळ लागला. समजल्यावर म्हातारा हसला आणि म्हणाला, नाव खोडलं तर पेटी कुठून आली हे कोणाला कळणार? मामाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसा माणूस हरवलेल्या भावाकडे पाहतो. पेटी त्यांनी घेतली. वाट्या तिच्यात नव्हत्या.

नंतर बायको आणि मुलगी चहा आणायला गेल्या. जाताना बायकोनं मला डोळ्यांनी सांगितलं, आता. मी आणि मामाजी देवळाच्या दगडी पायऱ्यांवर बसलो. पेटी त्यांच्या मांडीवर. मी घसा साफ केला. हवा बरी आहे, असं म्हणालो. मग देऊळ बरं आहे, असं म्हणालो. मग पुन्हा घसा साफ केला.

"जवाई," मामाजी पेटीकडे पाहत म्हणाले, "घर इकलं ते बरंच केलं. मलेबी आता न्हानीत जायचा भेव लागते. पन चाचाले नावं घासाले काऊन सांगतलं?"

मी ते खरंच सांगितलं होतं. मामींच्या आंदणातली भांडी त्या ढिगात होती. सिंदेवाहीच्या बाजारात ती कोणी ओळखली तर लोक काय म्हणतील, अशी मला भीती वाटली होती. निदान तेवढी तरी घासून घ्या, असं मी चाचांना फोनवर म्हणालो होतो. चाचांनी त्याच दिवशी मामाजींना कळवलं होतं. म्हणजे विमानात बसण्याआधीपासून त्यांना सगळं ठाऊक होतं. पासपोर्टच्या फोटोसाठी दाढी करताना ठाऊक होतं. स्वेटर विकत घ्यायला आमच्यासोबत आले तेव्हाही.

"लोक काय म्हणतील म्हणून," मी म्हणालो.

मामाजी माझ्याच गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "लोक काईच नाई म्हनत, जवाई. लोक भांडं उलटंच करत नाईत."

चहा आला. आम्ही प्यायलो. मुलगी मामाजींना आबाजी म्हणते; तिनं मला विचारलं, आबाजींशी बोललात का? मी हो म्हणालो. बोलले ते, मी नव्हे, हे मी तिला सांगितलं नाही. बायकोलाही परवा-परवापर्यंत नाही.

परत आल्यावर मी सगळ्यात आधी चाचांना फोन लावला. नावं घासू नका, एवढं सांगायला. ते म्हणाले, "घिसी किसने थी, साहब? मेरे हाथ से होता क्या वो?" भांडी गेली, नावांसकट. घर गेलं. मामाजी आमच्याकडे राहायला आले आणि सोबत ती पेटी घेऊन आले. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ती ठेवली आहे. घरी कोणी आलं आणि चौकशी केली की मामाजी सांगतात, "हे आपलं नोहे. तोवर ठेवलं हाय."

आमच्याकडे ते कोणाला त्रास देत नाहीत. इतका कमी त्रास देतात की आम्हालाच कसंतरी होतं. आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ते आता काही उलटं करून पाहत नाहीत. वाटी ठेवली तशी उचलतात, गडवा दिला तसा तोंडाला लावतात. आमचं स्टील तर दुकानातून आलेलं. त्याच्या पाठीवर वाचायला काय असणार?

म्हणून मागे एकदा मी बायकोला न सांगता मामाजींचं ताट पिशवीत घालून बाजारात गेलो. नाव टाकून देणारा माणूस शोधता शोधता दुपार गेली. भेटला तो म्हणाला, आता हे काम कोणी सांगत नाही. ताटाच्या पाठीवर त्यानं मामींचं नाव टाकलं, खाली मामाजींचं, खाली सिंदेवाही. बायकोनं ते भांडी घासताना पाहिलं. तेव्हापासून ती ते ताट मांडणीवर पालथं ठेवत नाही.

त्या ताटात मामाजी रोज जेवतात. भाताचं शेवटचं शीत बोटानं टिपून घेतात, ताट हळूच पुढे सरकवतात आणि हात धुवायला उठतात. मी समोर बसलेला असतो. सांगून टाकावं असं रोज वाटतं. पण ही एक गोष्ट सांगायची नाही, त्यांनी स्वतः वाचायची आहे. तोवर मी माझं जेवण सावकाश करतो.