हळदीचं बोट कुणाचं?

ग्रंथपाल मास्तर, म्हातारी दिसली की पोथी पुढं करायची खोड सोडा. पोथ्या माझ्या पाठ आहेत.

आता हे शेरेबुक चाळणाऱ्या सगळ्या वाचकांना नमस्कार. नावाजलेल्या लेखकांवर तुम्ही झडप घालता, म्हणून मी तळच्या फळीवर शोधते. तिथं काल एका अनोळखी लेखकाची कादंबरी मिळाली. तिच्यात एक माणूस यंत्रात बसून चंद्रावर जातो. मी दोनच यत्ता शिकले, तरी आज दुपारी संपवली.

कुणाला तरी सांगावं म्हणून शेजारच्या यमुनेकडं गेले. ती बोंबील वाळत घालत होती. म्हणाली, "वयनी, रेवसच्या आगबोटीत ओकतेस, आन् चंद्रावर चाललीस व्हय?"

परत आले. आमचे हे गेल्यापासून माझं ऐकणारं कुणी नाही. होते तेव्हाही ऐकत नव्हते.

पुस्तक पुन्हा उघडलं. चंद्रावर बोलायला कुणी नाही म्हणून तो माणूस स्वतःशीच भांडतो, त्या पानावर हळदीचं बोट उमटलंय. माझं नाही, मी हात धुऊन वाचते. मागच्या चिठ्ठीवर माझ्याआधी पुस्तक नेलेल्यांची नावं सगळी बाप्यांची. पण बाप्यांची बोटं कधी हळदीत असतात? नवऱ्याच्या नावावर आलेलं हे पुस्तक कुणीतरी चुलीपाशी वाचलंय.

मला तिच्याशी त्या पानाबद्दल बोलायचंय. बाप्यांनो, घरी जाऊन विचारा. उत्तर इथं तिनंच लिहायचं. नवऱ्यानं तिच्या वतीनं एक अक्षर लिहू नये.