दुलीचंदकाकाची घंटी

माह्या दुकानात बाहेर देशात जाणारं कोणी आलं, का मी पहिले एकच गोष्ट विचारतो. मागं घरी कोण राहते, अन् ते तुमाले फोन कसं करते? लोकं चिडतात. मागच्या महिन्यात एक सायब म्हणे, "भैया, सिम बेचते हो या जनगणना करते हो?" मी म्हणलं, "जवाब द्याचा नसन तर समोर दुसरं दुकान आहे, तिथं जा." गेला तो. जाऊ दे. माहं डोकं गरम आहे हे सारा गोंदिया रोड जाणते. पण हा सवाल मी काहून विचारतो, ते एका बाईशिवाय कोणाले माहीत नाही.

मी प्रीतम. गाव राजेगाव, दुकान बालाघाटले. रिचार्ज, सिम, फुटलेल्या स्क्रीना, सारं करतो. दुकानाच्या मागच्या वॉर्डात दुलीचंदकाका राहे. मूळचा रामपायलीकडचा. अठराव्या वर्षी तिरोडीच्या मँगनीज खाणीत लागला अन् पुरी उमर तिथंच काढली. बायको, शेवंताकाकू, पोराच्या शाळेसाठी बालाघाटले राहे अन् काका आठवड्यातून एकदा घरी ये. हाडकुळा माणूस, पांढरा सदरा, वरच्या खिशात बटनवाला फोन, अन् झाकण निघते म्हणून त्याले रबर लावलेलं.

त्याले फोनवर बोलाची लाज वाटे. खरंच सांगतो. "हवेत काय बोलाचं बे, माणूस समोर पाहिजे," असं म्हणे. म्हणून दोघा नवराबायकोनं घंट्या ठरवल्या होत्या. एक मिस कॉल म्हणजे मी बरा आहे. लागून दोन म्हणजे तू फोन कर. लागून तीन म्हणजे हातचं सारं टाक अन् ये. सकाळी एक, सांजीले एक. शनिवारी घरी येताना बस वारासिवनीले पोचली का एक, अन् ती वाजली का काकू भात मांडे. तीन घंट्या अठरा वर्षांत दोनदाच वाजल्या. एकदा काकाचा पाय मोडला तवा, अन् एकदा त्याची माय गेली तवा.

खाण सुटली, काका कायमचा घरी आला, तरी घंट्या सुटल्या नाही. काकू भाजी आणाले बाजारात गेली तरी हा घरून एक घंटी मारे. मी त्याले चिडवो, "काका, या वयात बी बायकोले मिस कॉल?" तो म्हणे, "तुह्या बायकोले तू देत नाही म्हणून तं ती माहेरी जाऊन बसते." पुरं दुकान हासे. हा घंट्यांचा हिशेब मले तवा माहीत नव्हता. मले वाटे, बुड्याले दुसरं काम नाही.

मागच्या साली विहारातल्या लोकायनं श्रीलंकेची धम्मयात्रा काढली. अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहाचा, आठ दिवसात परत. काका-काकूनं दोघांचीही नावं लिहून देल्ली, पासपोर्ट बी आले. मंग डॉक्टरनं काकाची छाती तपासली अन् विमानाले सपशेल नाही म्हणलं. काकू म्हणे, मी बी जात नाही. काका तिच्यावर ओरडला. म्हणे, "दोघांनी घरात बसून काय होते? तू पाहून ये. तू पाह्यलं म्हणजे मी पाह्यलं." पुण्याहून पोरानं, नागसेननं, आपला चांगला फोन मायले पाठवला. ठरलं असं, का झाडाखाली गेली का काकू व्हिडिओ लावन, अन् शेजारची दीपिका आपल्या फोनवर काकाले दाखवन.

तिकडे नेट कसं चालन, म्हणून दोघं माह्या दुकानात आले. सांगाले लाज वाटते, पण मी त्या दिवशी लय खुश होतो. ई-सिमचे व्हिडिओ मी महिनाभर पाहत होतो अन् गिऱ्हाईक काही मिळत नव्हतं. आपल्या इकडच्या सिमेवर तिकडे नेट वापरलं तर कंपनी चामडं सोलते. ई-सिम घेतली तर त्याच्या चार आण्यात काम होते. दुकान नको, प्लास्टिकचा तुकडा नको, चौकोनी कोड फोनले दाखवला का झालं.

मी सांगतलं, "काकू, आता ह्या फोनात दोन सिमा आहेत. एक हातात घेता येते, दुसरी दिसत नाही."

"दिसत नाही मंग हाये कशावरून?" काकू म्हणाली.

काका म्हणे, "प्रीतम, आमी न दिसणाऱ्यावर भरोसा ठेवणारी माणसं नाही, माहीत हाये ना तुले?" अन् स्वतःच खो-खो हासला. हासता हासता त्याले ठसका लागला, काकूनं पाठ चोळली.

मी नवी सिम टाकली. जुनी लाइन बंद केली, नाहीतर भलतं बिल येते. काउंटरवर चार गिऱ्हाईकं उभी होती, एकाचा चार्जर, एकाचा रिचार्ज. काकूनं विचारलं, "याची घंटी तं येईल ना मले?"

मी मान वर न करता म्हणलं, "हौ हौ काकू, सारं येते."

आता सांगतो, कानं देऊन ऐका. ती सिम फक्त नेटची. तिले नंबरच नसते. त्या सिमेवर मिस कॉल येत नाही. अन् ज्या नंबरवर काका अठरा वर्षं घंटी देत होता, तो नंबर मी माह्या हातानं बंद केलता. मले हे माहीत होतं. मी फक्त ऐकलं नाही. वर काकूचा फोन हातात धरून फोटो काढला, स्टेटसवर टाकला, "बालाघाट में पहली बार." लोकायनं अंगठे पाठवले अन् मी दिवसभर फुगून बसलो.

काकू गेली. चौथ्या दिवशी काका दुकानात आला. फोन रबरासकट पुढं ठेवला.

"घंटीच जाऊन नाही राह्यली रे. ती बाई बोलते आतून, बंद हाये म्हणते."

"काका, बंद आहे म्हणजे लाइन बंद आहे. काकू मजेत आहे. दीपिकाच्या फोनवर बोला ना रोज."

"बोलाचं नाही मले. फक्त घंटी द्याची हाये."

दुकानात दोन कॉलेजची पोरं होती, ती फिसकन् हासली. मले बी हासू आलं. मी म्हणलं, "काका, जमाना कुठं गेला अन् तुमी घंटीवरच. आठ दिवस घंटी नाही गेली तर बायको पळून नाही जाणार तुमची." काकानं फोन उचलला, रबर नीट केलं, "बरं" म्हणलं अन् गेला.

दोन मिनिटाचं काम होतं. नेटवरून काकूले फोन लावाचा, जुनी लाइन सुरू करून घ्याची, इकडून छोटा पॅक मारून द्याचा. घंटी वाजली असती. तिनं उचलाची बी गरज नव्हती. दोन मिनिटं! मी दिवसाले दोन घंटे क्रिकेट पाहतो. थू माह्या जिंदगीवर.

आठ तारखेले काकूनं झाड दाखवलं. हे दीपिकानं मले सांगतलं. काका न्हाऊन, सदरा घालून खाटेवर बसला होता. झाडाले सोन्याचा टेकू लावलेला आहे, तो दिसला, पानं दिसली, अन् मंग काकूचं तोंड. काकानं हात जोडले. मंग काका म्हणे, "घंटी काहून घेत नाहीस वं?" काकू म्हणे, "प्रीतम तं म्हणलता येते. येतच नाही, काय करू?" काका म्हणे, "असू दे. दोनच दिवस राह्यले."

नऊ तारखेले दुपारी दीपिका कॉलेजातून आली अन् काकाले चहा विचाराले गेली. काका खाटेवर आडवा होता, फोन खाली पडलेला. जाऊन घंटा-दीड घंटा झाला असन, डॉक्टर म्हणे. भर दुपारी, चारही बाजूनं माणसं राहतात अशा वॉर्डात, माणूस एकटा गेला. आवाज देल्ला असता तर दहा जण धावले असते. पण त्याले आवाज द्याची सवय नव्हती. त्याले एकच सवय होती.

काकूले दीपिकानंच नेटवरून कळवलं. त्या रात्रीचं विमान मिळालं नाही, दुसऱ्या दिवशीचं बी नाही. नागसेन पुण्याहून आला. मयत घरात किती वेळ ठेवणार? दहा तारखेले माती केली. नागसेननं फोन वर धरला होता अन् त्याच्यात काकू दिसे, कोणत्या तरी हॉटेलच्या खुर्चीवर बसलेली, पदर तोंडात घातलेला. भंतेजी वंदना म्हणत होते तवा तिचेही ओठ हालत होते. मी तिथंच उभा होतो. मी विकलेल्या नेटवर त्या बाईनं आपल्या नवऱ्याची माती पाह्यली. अन् नेट असं झकास चाललं, एकदाही अडकलं नाही.

विहारात काकाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर तिसऱ्या दिवशी काकू दुकानात आली. सकाळची वेळ, मी नुकतंच शटर उचललं होतं. फोन पुढं ठेवला अन् म्हणे, "माही जुनी लाइन सुरू करून दे." मंग तिनंच मले घंट्यांचं सारं सांगतलं. एकीचं, दोनचं, तीनचं. वारासिवनी अन् भात, तेही. रडत नव्हती. मीच काउंटरले धरून उभा होतो.

लाइन सुरू केली. फोनात नेटवर्क आलं अन् पाठोपाठ मेसेज पडाले लागले. बंद फोनवर कोणी लावलं तर मागून कंपनीचा मेसेज येते, इतक्या वाजता, अमक्या नंबरवरून, इतके मिस कॉल. पहिल्या दिवसांचे गळून गेले असतील. शेवटचे आले. सारे इंग्लिशमध्ये.

"वाच," काकू म्हणाली.

मी वाचलं. "सात तारीख, सकाळी एक. सांजीले एक."

"हौ."

"आठ तारीख, सकाळी एक. सांजीले एक."

"झाड पाह्यलं त्या दिवशी," ती म्हणाली. "मंग?"

नऊ तारखेचा मेसेज माह्यासमोर होता. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. तीन. लागून तीन. हातचं सारं टाक अन् ये.

"नऊ तारीख," मी म्हणलं. "एक."

"एकच?"

"हौ काकू. एकच. बरा आहे म्हणून देल्ली असन." माह्या तोंडातून खोटं निघून गेलं, मी काही ठरवलं नव्हतं. काकूनं फोन माह्या हातातून घेतला. खूप वेळ पाहत राह्यली. मंग पिशवीत ठेवला. "बरं झालं," म्हणाली. "तरास नाही झाला मंग त्याले." अन् मी, चाळीस वर्षांचा बाप्या, काउंटरवर डोकं ठेवून लेकरावानी रडलो. तिनं माह्या डोक्यावर हात ठेवला. मले वाटलं, एक तं काम आपण बरं केलं. निदान तिच्या जिवाले शांती आहे.

दोन महिने झाले. काकू रस्त्यानं दिसली का मी आडोशाले होऊन जाओ. एक दिवस ती स्वतःच आली. म्हणे, "ती न दिसणारी सिम हाये ना, ती काढून टाक." मी काढली. नव्या फोनात दुसरं काही करून देऊ का, विचारलं. ती नाही म्हणाली, पण गेली नाही.

"प्रीतम," ती म्हणाली, "मले अक्षर येत नाही."

"हौ काकू, माहीत आहे."

"आकडा येते. अठरा वर्षं नंबर लावून राह्यली मी. एक कसा दिसते, तीन कसा दिसते, मले कोणी सांगाले नको."

माणूस पंधरा वर्षं मोबाइल विकते, अन् बटनावरचे आकडे कोणत्या लिपीत असतात हे त्याच्या ध्यानात येत नाही.

"मंग तवाच काहून नाही बोलल्या काकू? दोन थापडा माराच्या होत्या मले. माह्या तोंडावर थुकाचं होतं."

"तू काउंटरले धरून उभा होता रे," ती म्हणाली. तिनं पिशवीतून काकाचा बटनवाला फोन काढला, त्याचं रबर नीट केलं अन् परत ठेवला. "अन् तू एक म्हणला ना, तवा मले वाटलं, असू दे एकच. मले बी एकच पाहिजे होती."

मंग ती बाजाराकडे गेली.