कमलाकांत पागधऱ्याची दोन चाकं

नवापूरच्या कमलाकांत पागधऱ्याचे पाय घोड्याचे होते, पण मन मात्र सदा हेलकावणारं. बायको मंजुळा म्हणायची, "ह्याच्या पुढ्यात भाकरी ठेवली तर कुठल्या बाजूनं मोडू, ते पण इचारील." ते अगदीच खोटं नव्हतं. लहानपणी बापाच्या होडीवर होता, तेव्हा जाळं कुठे टाकायचं ते बाप ठरवायचा. पुढे बोईसरच्या कापड कारखान्यात लागला, तिथे सुपरवायझर ठरवायचा. लग्नातली टोपीसुद्धा मामाने पसंत केली होती.

सायकल मात्र अशी मारायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. अणुवीज केंद्राच्या कॉलनीतले एक साहेब बदली होऊन जाताना आपली रेसिंग सायकल त्याला देऊन गेले, आणि तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला बोईसर ते चिंचणीच्या शर्यतीत कमलाकांत उतरायचा. सलग तीन वर्षं दुसरा आला. सत्याऐंशीची शर्यत शेवटची, कारण चाळिशी उलटलेल्यांना शर्यत भरवणारं मंडळ घेत नसे. आणि नेमकी तिच्या आधीच्या डिसेंबरात, खाऱ्या वाऱ्याने गंजून गंजून, दोन्ही चाकं बाद झाली.

चिंचणीचा पुंडलिक सायकलवाला हाताने चाक बांधायचा. एकेक तार ओवायची, आवळायची, मग नखाने वाजवून कान लावायचा. "तुझ्या वजनाला बांधून देतो," तो म्हणाला. "तुटली तर एक तार बदलीन, चाक नाय." कमलाकांतला पटलं.

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या दुकानात तयार चाकं टांगलेली दिसली, चकचकीत. दुकानदार म्हणाला, "कंपनी का माल है, मशीन पे बना है. हाथ से तो खटिया बुनते हैं, भाई." तेही पटलं. इथेच घोडं अडलं.

मग सुरू झालं विचारणं. पाळीवरचे सोबती म्हणाले, कंपनीचं. मंजुळा म्हणाली, "पुंडलिकाचं घ्या. होडी पण हातानंच बांधतात ना?" शेजारच्या काशीबाईने बोंबील निवडता निवडता मान वर केली. "होडी हातानं, पण तिचं इंजन कारखान्यातलंच हाय ना गो?" बिचाऱ्याचं डोकं भणाणून गेलं. जेवताना घास हातात तसाच राहायचा. तीन आठवडे असे गेले, आणि शेवटी त्याने पुढे कंपनीचं आणि मागे पुंडलिकाचं चाक बसवलं.

"एका पायात बूट नि एका पायात चप्पल?" पुंडलिकाला लागलं, ते त्याच्या आवाजात कळत होतं. तरी चाक त्याने जीव ओतून बांधलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कमलाकांत अंगणात सायकल उलटी करून बसला. नवी होडी पाण्यात उतरवण्याआधी तिला मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजतात, म्हणजे खारं पाणी लाकडाला शिवत नाही. त्याने तेच तेल फडक्यावर घेऊन दोन्ही चाकांना चोळलं. तारांना, रिमांना, सगळीकडे, चांगलं दोन हात. कुंकू लावलं, नारळ ओवाळला. मुहूर्ताआधी होडी पाण्याला लावत नाहीत, म्हणून सायकलवर बसलाही नाही. सकाळी ओळखीच्या टेम्पोत टाकून बोईसरला नेली. फार दिवसांनी तो खुशीत होता. मंजुळाने कारण विचारलं तर नुसता हसला.

शर्यत सुटली. तारापूर येईतो कमलाकांत पहिला! एका वळणावर ब्रेक दाबला तर सायकल रुसल्यासारखी पुढेच गेली. आता हा दोष कुठल्या चाकाचा? कंपनीचं दगा देतंय की पुंडलिकाचं? भर शर्यतीत गडी विचारात पडला, पण पाय थांबले नाहीत. चिंचणीत शिरला तेव्हाही पुढे कोणी नव्हतं. शेवटचं वळण डावीकडे, आणि तिथून शंभर पावलांवर फीत. त्याने दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले. चाकं ऐकतील तर शपथ! फीत डावीकडे राहिली आणि कमलाकांत सरळ वाळूत, बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांत घुसला. बांबू मोडले, दोऱ्या तुटल्या, बोंबलांचा पाऊस पडला. तोवर मागचे चौघे फीत ओलांडून गेले होते.

लोक हसून हसून लोळले. मंजुळा तेवढी हसली नाही. धावत येऊन त्याचे हातपाय चाचपू लागली.

पुंडलिक आला तो आधी चाकांकडे. दोन्ही फिरवून पाहिली. कुठलंच वाकडं झालं नव्हतं. रिमवरून बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि मटकन खाली बसला.

"चाकं दोनी बरी होती रे," तो म्हणाला. "ब्रेक धरतो त्या जागेला तेल लावायला तुला सांगितलं कोणी?"

कमलाकांतच्या कानावर एक बोंबील लोंबत होता. त्याने तो काढलाही नाही.

"कोणी नाय," तो म्हणाला. "एवढंच मी कोणाला न इचारता केलं."