पुराव्याचा फोटो

राजन मोकाशीच्या बायकोचं कुंकू मी पुसलं. जयंतीवहिनी सवाष्ण गेल्या, त्याला तेव्हा अकरा महिने होऊन गेले होते. जे यमाला जमलं नाही ते मी एका रविवारी सकाळी, डाव्या हातात चहाचा कप धरून, उजव्या हाताच्या बोटाने करून टाकलं.

राजन इथे परदेशात, व्हिटबी गावात, माझ्यापासून चार गल्ल्या पलीकडे राहतो. ओळख एकोणचाळीस वर्षांची. रिटायर होईपर्यंत तो कारखान्यांचे बॉयलर तपासायचा. त्याची सही झाल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही असा कायदा, आणि सही करायला तो इतका वेळ लावायचा की कारखान्यातली माणसं तोवर थंडीने कोट-टोप्या चढवून बसलेली असायची. पण त्याने पास केलेला एकही बॉयलर कधी बिघडला नाही, हे तो स्वतः सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला वहिनींचा फोटो हवा होता. राजनने निवडलेल्या फोटोत वहिनी गाडीत बसलेल्या, पाठीमागून ऊन, चेहरा अंधारात, आणि कोपऱ्यात राजनचा स्वतःचा अंगठा. उजेड वाढवायचा आणि अंगठा काढायचा, एवढंच काम. त्यासाठी फोनवर कुठलं ॲप घ्यावं याचा तपास तीन आठवडे चालला होता. वहीत सहा ॲपची नावं आणि पुढे रकाने: फोटो कुठे जातो, मूळ राहतं का, चुकलं तर मागे येता येतं का. प्रत्येक ॲपच्या अटी तो शेवटपर्यंत वाचत होता. त्या अटी वाचणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. लिहिणाऱ्यानेही परत वाचल्या नसतील.

“अरे, ॲप निवडायचंय, जावई नाही,” मी म्हणालो.

“जावई मुलीने निवडला,” राजन म्हणाला. “हे मलाच करायचंय, नंदू.”

आणि तो वॉशरूमला गेला. फोन टेबलावर उघडाच होता. मित्राचं ओझं हलकं करावं असं मला वाटलं. माझ्या हातून जी जी नुकसानं झाली आहेत, ती सगळी या वाटण्यातून झाली आहेत. यादीतलं चौथं ॲप उघडलं. खाली जादूच्या कांडीचं चित्र होतं, ते दाबलं. उजेड आला. अंगठा गेला. वहिनींच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली. आणि कपाळावरचा लाल डाग त्या यंत्राला पुटकुळी वाटला असावा, तोही गेला. फोनने विचारलं, बदल कायमचे जतन करायचे? फोन काहीही विचारो, मी ‘हो’ म्हणतो.

राजन आला. फोन हातात घेतला. बराच वेळ बघितल्यावर त्याने वही माझ्याकडे सरकवली. चौथ्या ॲपपुढे, ‘मूळ राहतं का’ या रकान्यात, त्याच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: नाही.

मी फोनमधल्या कचऱ्याच्या डब्यात शोधलं. व्हॉट्सॲपवर शोधलं. आपले फोटो कुठल्यातरी ढगात ठेवायचे नाहीत हा राजनचा नियम, त्यामुळे तिथेही नव्हता. दूर सरे शहरात त्याची मुलगी अवनी असते, तिला फोन लावला. तिला आईचे दोनशे फोटो सापडले, पण त्या सगळ्यांत वहिनी पासपोर्टला बसल्यासारख्या. कॅमेरा दिसला की त्या ताठ व्हायच्या.

“डोन्ट वरी, काका,” अवनी म्हणाली, “बिंदी इज द ईझिएस्ट थिंग टू ॲड.”

म्हणून सोमवारपासून आम्ही कुंकू लावणारं ॲप निवडायला बसलो. एकाने टिकली लावली, तिच्याभोवती खडे. एकाने टिकलीबरोबर नथ, मुंडावळ्या आणि गालावर लाली दिली. एक्काहत्तर वर्षांच्या जयंतीवहिनी बोहल्यावर उभ्या. एरवी मी हसलो असतो. राजन प्रत्येक वेळी ‘मागे’ दाबायचा आणि वहीत बारीक फुली मारायचा. बुधवारी अवनीने एआयकडून करून घेतलेलं चित्र पाठवलं. वहिनी त्यात तुकतुकीत, कपाळाच्या बरोब्बर मधोमध गोल कुंकू.

राजनने चष्मा लावून पाहिलं. “छान आहे,” तो म्हणाला. “कोण आहे?”

मी म्हणालो, “राजन, कुंकू ते कुंकू. येत्या शनिवारी गुरुजी येणार. गोल आहे, लाल आहे, अजून काय पाहिजे?”

तेव्हा तो बोलला. एकोणचाळीस वर्षांत एका दमात एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

“ते गोल नव्हतंच. आम्हांला कुठेही जायला उशीर व्हायचा, माझ्यामुळे. गॅसचं बटण, मागचं दार, सगळं दोनदा बघायचो. ती गाडीत जाऊन बसायची आणि आरशात बघून काडीने कुंकू लावायची. मी यायचो, गाडी काढायचो, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती स्टॉपची पाटी आहे ना, तिथे ब्रेक मारायचो. काडी भुवईवर. दर वेळी. त्या दिवशी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघालो होतो. म्हणाली, ‘थांब, काढ फोटो. पुरावा राहू दे. मी मेले तरी तू हे कबूल करायचा नाहीस.’” त्याने चष्मा काढला. “फोटोत ती माझ्यावर चिडलेली आहे. तसा दुसरा नाही.”

 

शुक्रवारी दुपारी राजनचा फोन आला. “गाडी घेऊन ये. फ्रेम घ्यायला जायचंय.”

तो दारात उभा होता. जिथे फोटोही छापतात त्या फार्मसीतून आणलेला मोठा फोटो हातात. रविवारचाच, मी पुसलेला. वहिनींचं ते चिडकं हसू तसंच, वर कपाळ कोरं. पाहवेना. त्याने माझ्या गाडीकडे बघितलं आणि स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. “तू चालव.”

तो शेजारच्या सीटवर बसला. वहिनींच्या. ती सीट पुढे ओढलेली होती, त्याचे गुडघे समोर टेकले, पण त्याने ती मागे घेतली नाही. समोरचा खण उघडून आतून ओल्या कुंकवाची छोटी बाटली काढली. दोन हिवाळे तिथेच पडून सुकली होती. त्याने तिच्यात पाण्याचे दोन थेंब सोडले, हलवली, काडीचं टोक निरखलं. मग वही मांडीवर, वहीवर फोटो.

“राजन, कागद एकच आहे,” मी म्हणालो. “बिघडला तर उद्या काय लावायचं?”

“गाडी काढ.”

मी गाडी काढली. रस्त्याच्या कडेला, गाड्या घसरू नयेत म्हणून टाकलेल्या मिठाने करडा झालेला बर्फ उरला होता. मागे कोणी नव्हतं. या हाताने एकदा वहिनींचं कुंकू गेलं होतं; आता निदान धक्का तरी लागू नये, म्हणून मी गाडी अशी चालवत होतो की जणू मागच्या सीटवर बासुंदीचं उघडं पातेलं आहे. शेजारी काडी कपाळाजवळ गेली.  लाल पाटी जवळ आली.

“घाबरू नकोस,” मी म्हणालो, “अगदी अलगद थांबवतो.”

“जोरात मार ब्रेक.”